त्रेपन्न चिंचोके

त्या रविवारी मी एक माणूस खाल्ला. भाजलेला होता, चवीला धुरकट, आणि इतका टणक की माझी उजवीकडची शेवटची दाढ तेव्हापासून थंड पाण्याला घाबरते.

खाल्ला तो चिंचोका होता, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही पुढे वाचणार नाही. पण शुक्रामामाच्या टोपलीतला चिंचोका म्हणजे माणूसच असतो. हे मला माहीत होतं. माहीत असून मी तो गिळला, वर घोटभर पाणी प्यालो आणि कुणी बघितलं नाही ना एवढं बघून पुन्हा मोबाईलमध्ये तोंड घातलं.

मी शैलेश. पनवेलला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि दिवाळीपासून मार्चपर्यंत दर रविवारी मी एक दिवसाची कौटुंबिक सहल काढतो. सकाळी कर्नाळ्याला पक्षी, दुपारी कोंडपाड्याला चुलीवरचं जेवण, मग तळ्याकाठी मुलांना मोकळं सोडायचं, झोका, मासे पकडायचं प्रात्यक्षिक, काळा चहा, आणि अंधार पडायच्या आत परत. पक्ष्यांची खात्री मी देत नाही, जेवणाची देतो. गिऱ्हाईक बहुतेक नवीन पनवेल, खांदा कॉलनी आणि तळोज्याकडच्या नव्या टॉवरांतलं. तळोज्याची माणसं सगळ्यांत सोपी. त्यांना कोंडपाड्याला नुसता खोल श्वास घ्यायला लावला तरी ती खूश होतात.

तळं म्हणजे खरं तर डोंगराच्या पायथ्याचं छोटं धरण. पावसाळ्यात काठोकाठ भरतं. फेब्रुवारीत पाणी मागे सरकायला लागतं आणि त्यानं सोडलेली जमीन उघडी पडते. दिसायला छान दिसते ती, सपाट, करडी, भेगाळलेली. पोरांना वाटतं क्रिकेटचं मैदान. वरून पापड आणि आत पिठलं, असा तो गाळ आहे. दोन वर्षांपूर्वी त्यात एक म्हैस गेली. शुक्रामामा सांगतो, आधी ती ओरडत होती, मग नुसती बघत होती. तेव्हापासून त्यानं गाळाच्या अलीकडे बांबू रोवून त्यांना पिवळी फडकी बांधली आहेत. फडक्याच्या पुढे जायचं नाही. म्हशीची गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत नाही. फडकी मात्र फोटोत बरी दिसतात.

शुक्रामामा शुक्रवारी जन्मला म्हणून शुक्रा. शेजारच्या घरातली सोमी सोमवारची. "आमच्यात नाव ठेवायला भटजी लागत नाय, कॅलेंडर लागतं," असं तो पाहुण्यांना सांगतो आणि पाहुणे वहीत लिहून घेतात. वय विचारलं तर पन्नास ते सत्तर यांमधलं काहीही सांगतो, समोरच्याच्या तोंडाकडे बघून. कोंडपाड्याची ही कातकरी वाडी पंधरा घरांची, जमीन कुणाच्याच नावावर नाही. दिवाळी झाली की अख्खी वाडी वीटभट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. रविवारच्या सहली सुरू झाल्यापासून सहा घरं भट्टीवर जायची थांबली आहेत. पण सरपंचांनी मामाला तोंडावर सांगून ठेवलंय, "एक जरी माणूस बुडालं, तरी दुसऱ्या दिवसापासून सगळं बंद." त्यामुळे मामा मोजतो.

त्याची मोजायची रीत अशी. वाडीतून तळ्याकडे उतरायला एकच पायवाट आहे, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. त्या वाटेच्या तोंडाशी चिंचेखाली मामा बसतो. उजवीकडे सूप, डावीकडे टोपली. एक माणूस खाली उतरला की सुपातला एक चिंचोका टोपलीत. माणूस वर आला की टोपलीतला एक परत सुपात. टोपली रिकामी झाली की सगळे आले. तान्ह्या बाळाचाही एक, माझाही एक. चिंचोके एकूण त्रेपन्न, म्हणून त्रेपन्नाच्या वर माणूस तो खाली सोडत नाही. मग तो मंत्री असो नाहीतर माझा मेव्हणा.

मी शिकलेला माणूस. मी त्याला नंबर टाकलेले, लॅमिनेशन केलेले पास करून देतो म्हणालो. घरच्याच मशीनवर. मामा म्हणाला, "तुझा पास वाऱ्यानं उडाला तं मानूस पन उडालं का?"

"बरं, खडे घ्या मग. खडे ढिगानं पडलेत."

"खडे कुनाचे पन असतात," तो म्हणाला, आणि विषय संपला.

ही मोजणी त्याच्या आईची. ते मला त्याची धाकटी बहीण गोदूमावशी हिनं सांगितलं, भाकऱ्या थापता थापता. आमच्या सहलीचं जेवण तीच करते. ती पाच वर्षांची असताना त्यांची भट्टी तळोज्याच्या पलीकडे होती. पावसाचे ढग आले, भट्टी उठली, मुकादमानं घाई केली. एका ट्रकात माणसं, मडकी, कोंबड्या, सगळं कोंबलं. आईला वाटलं गोदू शुक्राजवळ आहे. शुक्राला वाटलं आईजवळ आहे. ट्रक वाडीत पोचला, माणसं उतरली, मडकी उतरली, कोंबड्याही उतरल्या. मग आई म्हणाली, "गोदू कुठं?" आणि शुक्रा म्हणाला, "तुझ्याकडं."

आई आल्या वाटेनं परत चालत गेली. दोन दिवसांनी गोदू सापडली, विझलेल्या भट्टीजवळच्या चिंचेखाली. "मला काय बी आठवत नाय," गोदूमावशी म्हणते. "ते झाड आठवतं फकस्त. रातचं हात हलवायचं." पुढच्या वर्षीपासून ट्रकात चढताना आई एकेका माणसामागे एकेक चिंचोका टाकायला लागली.

गोदूमावशी आता चांगली पन्नाशीची आहे, नातवंडं आहेत. तरी चुलीपुढून दर थोड्या वेळानं ती हाक मारते, "शुक्रा हाय का?" आणि चिंचेखालून मामा म्हणतो, "हाय." दिवसातून शंभर वेळा. पाहुण्यांना गंमत वाटते. मलाही वाटायची.

आता तो रविवार.

फेब्रुवारीचा शेवटचा. एक बस आणि तीन खाजगी गाड्या. माणसं नेमकी किती हे माझ्या यादीला माहीत नव्हतं, कारण माझी यादी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप: 'आम्ही चार', 'आम्ही पाच पण कदाचित सहा', 'सासूबाई येत नाहीत', 'सासूबाई येतायत'. त्यात विनायककाकांचा फोन वेगळा होता. माझ्या जाहिरातीत ठळक लिहिलंय, 'फक्त कुटुंबांसाठी', ते बाटल्या घेऊन येणाऱ्या टोळक्यांना हाकलण्यासाठी. काकांनी विचारलं, "मी एकटाच कुटुंब आहे. चालेल?" मी हसलो आणि त्यांना सत्यजीत म्हणून एक साहेब होते त्यांच्या नावाखाली एक माणूस म्हणून लिहून टाकलं. सत्यजीतला त्याचा पत्ता नव्हता. तो, त्याची आई कुमुदताई आणि सात वर्षांची मुलगी आभा, असे तिघं बसनं आले. काका कुणाच्या तरी गाडीतून आले.

काका सत्तरीचे, बांधकाम खात्यातून निवृत्त, गळ्यात दुर्बीण. कर्नाळ्यापासून त्यांनी मला पक्ष्यांची नावं विचारून हैराण केलं. मला कावळा आणि बगळा येतो. बाकी सगळ्यांना मी 'स्थलांतरित' म्हणतो. जेवण झाल्यावर तळ्याकाठी ते पुन्हा आले.

"शैलेशराव, ते पलीकडे वाकड्या चोचीचे आहेत ना, ते कोणते हो?"

मला दोन मिनिटं आडवं व्हायचं होतं. मी म्हणालो, "काका, त्या टोकाकडून जवळून दिसतील. जा ना."

"तिकडे ते पिवळं फडकं लावलंय."

"ते पोरांसाठी. तुम्ही काय पोर आहात का? जमीन कोरडीच आहे."

हे मी म्हणालो. आज लिहितानाही हात थांबतो. पण तेव्हा मी ते म्हणालो आणि वर चिंचेखाली जाऊन बसलो. गोदूमावशीनं वाडग्यात भाजलेले चिंचोके ठेवले होते, पाहुण्यांना चघळायला. ते मी रील बघत बघत संपवले. वाडगा संपला तसा हात आपोआप पुढच्या भांड्यात गेला. ते भांडं टोपली होतं. चावलं, दाढेतून कळ मेंदूपर्यंत गेली, आणि मला कळलं की हा आजचा चिंचोका नाही. मामा तेव्हा पाठ करून एका बाळाची टोपी करवंदीतून सोडवत होता. मी गिळला. म्हटलं एकानं काय होतंय, नंतर सांगू.

साडेपाचला सगळं आटोपलं. शेवटची माणसं वर आली, मामानं शेवटचा चिंचोका सुपात टाकला, टोपली उलटी करून झटकली. "झालं. सगळी आली." तीनही गाड्या आधीच गेल्या होत्या. बसचा ड्रायव्हर जीवन हॉर्न वाजवत होता, कारण खालचा रस्ता अरुंद आणि त्याला उजेडातच उतरायचं असतं. मी बसच्या पायरीवर पाय ठेवला, बाटलीतलं गार पाणी प्यालो आणि दाढ ठणकली.

पाय तिथेच राहिला.

हिशेब अगदी साधा होता, आणि तो मला घाम फोडत होता. टोपलीत एक कमी. सगळे वर आले असते, तर शेवटच्या माणसाच्या वेळी मामाचा हात रिकाम्या टोपलीत गेला असता. गेला नाही. टोपली बरोबर पुरली. म्हणजे एक माणूस अजून खाली होता.

मी आत शिरून ओरडलो, "आपापली माणसं बघून घ्या हो! लहान मुलं!"

सगळ्यांनी बघितली. एका आईनं तर पोरांची डोकी हातानं दाबून बघितली, कलिंगडं बघतात तशी. सगळी होती. आभा खिडकीत होती, कुमुदताई तिला संत्रं सोलून देत होत्या. एकही मूल कमी नाही, एकही आजी कमी नाही. मला एवढं हलकं वाटलं की मी हसलो. मग वाटलं, मामानं दुपारी चुकून एक जास्त टाकला असेल. मामा काय, निरक्षर माणूस. जीवन म्हणाला, "शैलूशेठ, सोडू का गाडी?"

सोड म्हणालो असतो, तर कुणाला काही कळलं नसतं. निदान त्या दिवशी तरी. तेवढ्यात चुलीकडून हाक आली, "शुक्रा हाय का?" आणि चिंचेखालून, "हाय."

मी खाली उतरलो.

"मामा, एक सांगायचंय."

"सांग की."

"टोपलीतला एक मी खाल्ला."

त्याला आधी कळेना. "काय खाल्लास?"

"चिंचोका. चारच्या सुमाराला. चुकून."

मला वाटलं तो शिव्या देईल. त्यानं दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जणू तो माणूस अजून तिथे दातांत दिसेल. मग त्यानं सूप मांडीवर घेतलं आणि बोटानं वीस-वीसचे ढीग सरकवले. "दोन विसा नि बारा," तो म्हणाला. बावन्न. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "खाली मानूस हाय."

"पण सगळे आहेत, मामा! प्रत्येकानं आपापलं बघितलं."

"ज्याचं कोन बघनारं नाय, त्याचं?"

त्यानं डोळे मिटले. मामाला पाहुण्यांची नावं येत नाहीत, तोंडंही लक्षात राहत नाहीत. तो खाली बसलेला असतो, त्याच्यासमोरून पाय जातात. तो पुटपुटायला लागला, "लाल बूट गेले, आले. दिव्याचे बूट, बारकी पोर, आली. पांढरी सँडल, आली... चामड्याची चप्पल. जुनी. अंगठा निळ्या दोऱ्यानं शिवलेला." डोळे उघडले. "ती गेली. ती आली नाय. मला ते पाय सांगत व्हते, मी टोपलीचं आयकलं."

निळा दोरा मी पाहिला होता. सकाळी कर्नाळ्याच्या पायऱ्यांवर काकांनी मला दाखवला होता, "स्वतः शिवलीय हो, बायको असती तर टाकून दिली असती."

"विनायककाका," मी म्हणालो. गाडीवाल्यांना वाटलं असणार ते बसमध्ये आहेत, बसवाल्यांना वाटलं असणार गाडीत. आणि मग मी काकांना काय सांगितलं होतं ते मला आठवलं. तेही मामाला सांगितलं. एकाच श्वासात, कारण दुसरा येईना.

मामा उठून पळत सुटला होता. "गोदे! पेंढा! शिडी!" एवढंच तो ओरडला. मी मागे. बसमधून सत्यजीत उतरून आला, काय झालं विचारत. खिडकीतून आभा म्हणाली, "दादा, कोण हरवलं?"

"कुणी नाही."

"मग तुम्ही रडताय का?"

पायवाट उतरताना सूर्य डोंगराला टेकला होता. तळ्यावर एकही आवाज नव्हता. दुपारी जिथे पोरं किंचाळत होती, तिथे नुसतं पाणी, आणि पाण्याचा तो वास, जो दुपारी येत नाही. फोन लावून उपयोग नव्हता; वाडीत रेंज फक्त शाळेच्या पायरीवर येते. आम्ही पिवळ्या फडक्यांच्या कडेनं पळत टोकाला गेलो. शेवटच्या बांबूपाशी मामा थांबला आणि त्यानं हात आडवा केला.

चपला होत्या. गाळाच्या काठावर, एकमेकींना चिकटून, नीट. देवळाबाहेर काढतात तशा. एका अंगठ्याला निळा दोरा.

त्यांच्यापुढे अनवाणी पावलं सुरू होत होती. पहिली पाच-सहा अगदी वर वर, पापडावर उमटल्यासारखी. मग खोल. मग खड्डे. मग पुढे उजेड इतका कमी होता की काही कळत नव्हतं. "काका!" मी ओरडलो. सत्यजीत ओरडला. डोंगरावरून आमचाच आवाज परत आला. दूर, पाण्याच्या थोडं अलीकडे, एक जळका ओंडका गाळातून वर आलेला दिसत होता. मी तो ओंडका बघत होतो, कारण दुसरीकडे बघायला मला भीती वाटत होती. पोटात तो चिंचोका दगडासारखा जाणवत होता, शप्पथ.

"मामा, गेले का हो?"

"गप."

मामा खाली वाकला, एक ढेकूळ उचललं आणि ओंडक्याच्या जवळ भिरकावलं. थप् असा आवाज आला. आणि ओंडक्यानं हात वर केला.

मी पुढे धावलोच. मामानं कॉलर धरून मला इतक्या जोरात मागे ओढलं की बटणं तुटली. "तू पन जाशील! मग कुनाकुनाला काढू?"

पुढची दहा मिनिटं मला तासासारखी आठवतात. गोदूमावशी आणि वाडीतल्या चार बाया डोक्यावर पेंढ्याचे भारे घेऊन आल्या. सोमीनं बांबूची शिडी आणली, मध काढायला नेतात ती. मामा भारे सोडून गाळावर पसरत गेला, एकापुढे एक, जशी लग्नात सतरंजी अंथरावी. त्यावर शिडी आडवी टाकली. मग त्यानं आमच्याकडे वळून बघितलं. सत्यजीत ऐंशी किलोचा. मामा स्वतः जायला निघाला, तशी गोदूमावशीनं त्याचा दंड धरला. ती नुसती धरून राहिली.

मामानं माझ्याकडे बोट केलं. "तू खाल्लास, तूच आन. पोटावर जायचं. गुडघा टेकलास तं गेलास."

मी पोटावर गेलो. शिडी संपली, पुढे नुसता पेंढा. खाली जमीन नव्हती, खाली काहीतरी श्वास घेत होतं. प्रत्येक वेळी कोपर टेकलं की ते हळूच वर यायचं आणि पेंढ्यातून गार पाणी माझ्या छातीला लागायचं. कमरेला दोर होता, दुसरं टोक मामाकडे. मागून गोदूमावशीची हाक आली. "शैलू हाय का?"

"हाय," मी म्हणालो. माझा आवाज कोंबडीच्या पिल्लासारखा आला.

काका कमरेच्या वरपर्यंत आत होते. दुर्बीण हातात उंच धरलेली. तोंड राखेसारखं. दोन तास ओरडून घसा गेला होता, वारा उलटा, आवाज पोचलाच नव्हता. मी जवळ गेलो तसे ते कुजबुजले. मला वाटलं, पाणी मागतायत. कान लावला.

"सगळ्यांना उशीर झाला ना माझ्यामुळे?"

मी दोर त्यांच्या काखेतून घातला, मामानं सांगितलं तसं त्यांना पाठीवर झोपवलं, पेंढ्याचा भारा खाली सारला. मग मागून सगळी वाडी, सत्यजीत आणि हॉर्न सोडून आलेला जीवन, सगळे मिळून ओढायला लागले. गाळ सोडेना. एकदा वाटलं, दोर तुटेल नाहीतर काका. मग आतून एक घाणेरडा, ओला, चोखल्यासारखा आवाज आला आणि आम्ही दोघं पेंढ्यावरून घसरत काठावर आलो. दुर्बीण मात्र गाळातच राहिली.

वाडीत गोदूमावशीनं काकांचे पाय कढत पाण्यानं धुतले आणि त्यांना घोंगडीत गुंडाळून काळा चहा पाजला. कुमुदताईंनी बसमधून शाल पाठवली आणि निरोप पाठवला, काकांना आमच्याबरोबर बसवा, मी सोडीन घरी. कुणीही उशिराबद्दल तक्रार केली नाही. एका माणसानं मात्र रात्री नेटवर लिहिलं, 'अनुभव थरारक, लहान मुलांसाठी योग्य, पार्किंग कमी.' सरपंचांना मामानं दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, माझं नाव घेऊन. सहल बंद झाली नाही. माझी इज्जत बंद झाली, पण तिला तसंही गिऱ्हाईक नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पनवेलच्या बाजारातून किलोभर चिंचोके घेऊन गेलो. चांगले मोठे, चकचकीत. मामाच्या पुढे पिशवी ठेवली. "घ्या. एकाच्या बदली हजार."

मामानं पिशवीकडे बघितलंही नाही. गोदूमावशी म्हणाली, "त्याला नको ते. ते बाजारातले."

"चिंचोका तो चिंचोका, मावशी."

ती भाकरी थापायची थांबली. "त्या भट्टीवर मी दोन दिस काय खाल्लं, सांगितलं नाय का मी तुला? चिंचा. आन चिंचोके, गरम राखेत भाजून. आई आली तवा माझी ओटी भरलेली व्हती. आईनं ती तशीच घरी आनली. मोजली. दोन विसा नि तेरा. त्यातला एक बी कुनी खाल्ला नाय. इतक्या वर्सांत." तिनं पीठ पुन्हा मळायला घेतलं. "तुझी दाढ कशी हाय?"

मी पिशवी परत आणली.

मामा म्हणाला, द्यायचाच असेल तर त्याच झाडाचा दे. म्हणून मी तळोज्याला दोनदा जाऊन आलो. झाड आहे. एका टॉवरच्या कंपाउंडच्या आत आहे, मुलांच्या घसरगुंडीला लागून. वॉचमन विचारतो, "किसके यहाँ जाना है?" मी खरं तेच सांगितलं, चिंचेकडे. त्यानं मला दोन्ही वेळा हाकललं. बाहेरून मान वर करून पाहिलं, यंदा एकही चिंच लागलेली नाही.

विनायककाका आता महिन्यातून एकदा येतात, नवीन दुर्बीण आणि पक्ष्यांचं पुस्तक घेऊन, फडक्याच्या अलीकडे बसतात आणि मला पक्ष्यांची नावं शिकवतात. मला आता सात येतात. मागच्या रविवारी गर्दी होती. काका, सत्यजीतचं कुटुंब, दोन बस. माणसं खाली उतरत होती, मामा चिंचोके टाकत होता. शेवटी मी पोरांचं जाळं खांद्यावर घेऊन निघालो, तर मामानं सूप उलटं करून दाखवलं. रिकामं. बावन्न खाली गेले होते.

"मामा, मी एकटाच राहिलोय."

"तू वर बस," मामा म्हणाला. "तुझं मानूस तुझ्या पोटात हाय."